एस्टेस पार्कला सुट्टीचं घर घेताना आधी रस्ता बघा

रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या पूर्वेकडच्या दाराशी एस्टेस पार्क नावाचं कोलोरॅडोमधलं छोटं गाव आहे. वस्ती जेमतेम सहा हजार. नॅशनल पार्कला मात्र वर्षाकाठी चाळीस लाखांहून जास्त माणसं येतात आणि त्यातली बरीचशी याच गावातून आत शिरतात. डेन्व्हरच्या विमानतळावरून गाडीने दीड-दोन तासांत पोचता येतं, त्यामुळे उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये या गावाचं नाव निघतंच. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक मोठं घर घ्यायचं, सकाळी चहा-पोहे घरीच करायचे, दिवसभर डोंगरात हिंडायचं आणि रात्री सगळ्यांनी एका टेबलाशी जेवायला बसायचं, हा बेत खरोखर सुंदर आहे. हॉटेलात तो जमत नाही.

घर शोधायला बसलं की बहुतेक जण आधी फोटो बघतात. मोठ्या काचेच्या खिडक्या, बाहेर हॉट टब, मागे बर्फाची शिखरं. एस्टेस पार्कमध्ये हे सगळं पुष्कळ घरांत मिळतं. सुट्टी सुखाची होणार की नाही हे ठरतं ते घर कुठल्या रस्त्यावर आहे, किती उंचीवर आहे आणि गाडीतून उतरल्यावर दारापर्यंत कसं पोचायचं, यावर. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी माणसं, मग तारखा, मग रस्ता आणि उंची, आणि फोटो सगळ्यात शेवटी.

सोबत कोण येणार ते कागदावर लिहा

प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे दोनच गोष्टी नोंदवा: जिना किती झेपतो आणि रात्री उठावं लागतं का. या दोन नोंदींवर निम्मी घरं आपोआप गळतात.

लिस्टिंगमध्ये ‘आठ जणांची सोय’ असं लिहिलेलं असतं. त्या आठांचा हिशेब उलगडून बघा. बऱ्याचदा तो असा निघतो: दोन बेडरूममध्ये चार, हॉलमधल्या सोफा-बेडवर दोन आणि लॉफ्टवर दोन. लॉफ्ट म्हणजे उतरत्या छपराखालचा माळा. तिथे चढायला कधी अरुंद जिना असतो, कधी नुसती शिडी, आणि टॉयलेट खालीच. मुलांना तो माळा फार आवडतो. सत्तरीतल्या माणसाला तिथे झोपवता येत नाही. सोफा-बेडवर झोपणाऱ्याला बाकीच्यांचं शेवटचं माणूस झोपेपर्यंत जागावं लागतं आणि पहाटे सूर्योदयासाठी निघणारी मंडळी त्याच्या उशाशी बूट घालतात. तेव्हा खऱ्या, दार लागणाऱ्या बेडरूम किती आणि त्यातली तळमजल्यावर बाथरूमला लागून असलेली कोणती, एवढंच मोजा. ज्येष्ठ मंडळींसाठी अशी एक खोली नसेल तर ते घर सोडून द्या, बाकी कितीही देखणं असो.

माणसांच्या संख्येला कायद्याचीही मर्यादा आहे. गावाच्या हद्दीतल्या सुट्टीच्या घरांत दर बेडरूममागे दोन आणि वर आणखी दोन माणसं राहू शकतात, पण एकूण आठच. त्याहून मोठ्या गटासाठी घराला वेगळी मंजुरी लागते. ‘दोघं जास्त आले तर कोण बघतंय’ असा विचार करू नका. दारावरचे कॅमेरे बघतात, आणि तक्रार झाली की मधल्या रात्री घर सोडायची वेळ येऊ शकते. दहा-बारा जण असाल तर जवळजवळची दोन घरं घ्या, किंवा वायएमसीए ऑफ द रॉकीजच्या केबिन बघा. १९०७ पासूनची ही संस्था गावाच्या नैर्ऋत्येला आहे, मोठ्या कुटुंबांच्या एकत्र सुट्टीसाठी तिथे मोठ्या केबिनही आहेत, आणि आवारात मुलांना दिवसभर करण्यासारखं खूप असतं.

तारखा ठरवताना पार्कचं वेळापत्रक समोर ठेवा

आई-बाबांना दाखवायचा मुख्य रस्ता म्हणजे ट्रेल रिज रोड. एस्टेस पार्कहून डोंगरापलीकडच्या ग्रँड लेक गावापर्यंतचा हा ४८ मैलांचा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. तो साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमाराला बर्फामुळे बंद होतो. या दोन टोकांच्या अगदी जवळची तारीख घेतली तर रस्ता बंद मिळण्याची तयारी ठेवा.

जूनच्या सुरुवातीला गावात हिरवळ असते, पण पार्कातल्या बेअर लेक या तळ्याच्या वरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांची वादळं येतात, त्यामुळे उंचावरचं फिरणं सकाळीच उरकावं लागतं. मला विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत उत्तम. अॅस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात, आणि एल्क या मोठ्या हरणांचा माजाचा काळ असल्याने नर गावातल्या गवतावर, कधी तुमच्या अंगणातही, आरोळ्या देत फिरतात. ही आरोळी शिट्टीसारखी उंच आणि कातर असते. पहाटे खिडकीतून ऐकू आली की घरातले सगळे उठून बसतात. मुलांची शाळा आड येत नसेल तर तेव्हाच जा. मात्र हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे त्या आठवड्यांतली चांगली घरं लवकर जातात. सहा-आठ महिने आधी शोधायला लागा.

गेली काही वर्षं मे अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पार्कात शिरायला वेळेचं आरक्षण लागतं, आणि घर निवडण्याशी त्याचा थेट संबंध आहे. परवाने दोन प्रकारचे. बेअर लेकचा रस्ता धरून असलेला परवाना पहाटे ५ ते संध्याकाळी ६ या वेळेसाठी लागतो. ट्रेल रिजसह उरलेल्या पार्कासाठीचा परवाना फक्त सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत लागतो. म्हणजे घर प्रवेशद्वाराजवळ असेल तर सकाळी सातला चहा घेऊन निघायचं आणि परवान्याशिवाय ट्रेल रिजवर जायचं, हे सहज जमतं. तासभर लांबच्या घरातून दोन म्हाताऱ्या माणसांना आणि तीन मुलांना घेऊन नऊच्या आत दारात पोचणं जमत नाही. आरक्षणं रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर आदल्या महिन्याच्या १ तारखेला, तिथल्या सकाळी ८ वाजता खुली होतात. काही परवाने आदल्या संध्याकाळी ७ वाजता सोडतात. त्या वर्षीचा नियम पार्कच्या संकेतस्थळावर बघा आणि घराचं बुकिंग करतानाच ती १ तारीख फोनवर लावून ठेवा.

खर्चाची एक बाबही आत्ताच धरा. २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याला ११ मोठ्या पार्कांत नेहमीच्या शुल्काशिवाय १०० डॉलर जास्तीचे द्यावे लागतात. रॉकी माउंटन त्या ११ मध्ये आहे. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आई-बाबांना त्याच सुट्टीत यलोस्टोन किंवा ग्रँड टीटनही दाखवायचं असेल तर पासाचा विचार करा, आणि घेण्याआधी त्याचे नियम वाचा.

हिवाळ्यात भाडी उतरतात. पण एस्टेसमध्ये स्की रिसॉर्ट नाही. पार्कमधल्या हिडन व्हॅलीची स्कीची सोय १९९१ मध्ये बंद झाली, आता तिथे मुलं बर्फावर घसरगाड्या खेळतात. शिवाय हिवाळ्यात या खोऱ्यात वारा प्रचंड असतो. स्कीइंगसाठी जायचं असेल तर दुसरं गाव निवडा.

गावाचा नकाशा: घर कुठल्या रस्त्यावर हवं

‘एस्टेस पार्क’ टाकून शोधलं की नकाशावर ठिपके दूरवर पसरतात. त्यातली काही घरं लायन्सला असतात, काही ड्रेकला, काही अॅलनस्पार्क किंवा ग्लेन हेवनला. लायन्स वीसेक मैलांवर आहे, आणि ते मैल घाटाचे. पलीकडचं ग्रँड लेक तर नकाशावर शेजारी दिसतं, पण ट्रेल रिज बंद असताना तिथे जायला अख्ख्या डोंगररांगेला वळसा पडतो. म्हणून आधी गावाचे भाग समजून घ्या.

मध्यवर्ती भाग म्हणजे एल्कहॉर्न अॅव्हेन्यू. दुकानं, आइस्क्रीम, नदीकाठची फरसबंद वाट, सगळं पायी. ज्यांना दिवसभर डोंगरात जायचं नाही अशा आजी-आजोबांना हा भाग फार सोयीचा, कारण बाकीचे ट्रेकला गेले तरी ते घरात अडकून पडत नाहीत. उलट बाजूही आहे: उन्हाळ्यात गाड्यांची रांग, पार्किंगला पैसे आणि रात्रीपर्यंत गजबज. उन्हाळ्यात ‘द पीक’ नावाची गावाची मोफत बस फिरते, तिचा थांबा घराजवळ असेल तर मोठी सोय होते.

पश्चिमेला दोन रस्ते पार्ककडे जातात. फॉल रिव्हर रोडवरची घरं आणि केबिन नदीला लागून आहेत. ट्रेल रिजला निघायला आणि रानमेंढ्या दिसणाऱ्या शीप लेक्सकडे जायला हा रस्ता उत्तम. मोरेन अॅव्हेन्यूचा रस्ता बीव्हर मेडोज प्रवेशद्वाराकडे जातो, तिथून बेअर लेकचा रस्ता फुटतो. त्याच बाजूला वायएमसीएकडे वळणारा फाटा आणि मेरीज लेक रोडचा भाग शांत आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही असतील तर मी हीच बाजू सुचवते. पार्कही जवळ आणि गावातलं किराणा दुकानही.

लेक एस्टेसच्या भोवतालची घरं सपाट जागेवर आहेत. तळ्याभोवती सपाट पक्की वाट आहे, व्हीलचेअर किंवा बाबागाडी आरामात जाते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी यासारखी जागा गावात दुसरी नाही.

दक्षिणेकडे हायवे ७ वरची घरं एकांतातली आणि लाँग्स पीक या शिखराच्या जवळची. पण ती उंचावर आहेत, काही नऊ हजार फुटांच्या आसपास. उत्तरेला ग्लेन हेवन सुंदर आहे, पण तिकडे जाणाऱ्या डेव्हिल्स गल्च रोडला अगदी तीव्र उताराची वळणं आहेत. गाडीत मळमळणारं कोणी असेल तर रोज दोनदा ती वळणं नकोत.

घर आवडलं की उपग्रह नकाशावर शोधा. नेमका पत्ता बुकिंगआधी मिळत नाही, पण अंदाजे वर्तुळ दिसतं. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत डांबर आहे की खडी, आणि चढ किती, हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. मग रिव्ह्यूमध्ये ‘ड्राइव्हवे’ आणि ‘स्टीप’ हे दोन शब्द शोधा. घरमालक ‘डोंगराच्या कुशीत’ म्हणतो तिथे पाहुणे स्पष्ट लिहितात की भाड्याची छोटी गाडी वर चढली नाही. ऑक्टोबर ते मेमध्ये जात असाल आणि कुठेही ‘फोर व्हील ड्राइव्ह आवश्यक’ असं वाचलं, तर ते शब्दशः घ्या.

उंचीचा विचार झोपण्याच्या जागेपासून करा

कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. डेन्व्हर जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. एस्टेस पार्क ७,५२२ फुटांवर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच शिखराच्या वर आणखी दोन हजार फूट. मुंबई-पुण्याहून, किंवा टेक्सास-न्यू जर्सीहून, थेट येणाऱ्या माणसाला पहिल्या रात्री डोकेदुखी, धाप, भूक न लागणं, झोप न येणं हे होऊ शकतं. उंचीचा त्रास साधारण आठ हजार फुटांच्या वर झोपलं की जास्त जाणवतो, म्हणून दिवसा कुठे फिरलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला महत्त्व आहे.

याचा घराशी संबंध असा. पहिली रात्र डेन्व्हर किंवा बोल्डरला काढा आणि एस्टेसचं बुकिंग दुसऱ्या दिवसापासून करा. घर साडेसात हजारांच्या आसपासच घ्या. हायवे ७ वरचं नऊ हजार फुटांवरचं घर तरुण ट्रेकर मंडळींना सोडा. ट्रेल रिजची सहल पहिल्या दिवशी ठेवू नका. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि आई-बाबांचा व्हिजिटर विमा जुन्या आजाराला किती धरतो ते वाचून ठेवावं. गावात तातडीच्या सेवेसह रुग्णालय आहे. तिथपर्यंत घरापासून किती मिनिटं लागतात, हे मी प्रत्येक वेळी नकाशावर बघते.

घरातल्या पायऱ्यांचाही इथे वेगळा हिशेब होतो. घरी चौदा पायऱ्या सहज चढणारे बाबा इथे सातव्या पायरीवर थांबतात. उतारावरच्या घरांत गाडी खाली लागते आणि दार वर असतं, मध्ये लाकडी जिना. फोटोत तो जिना क्वचितच दिसतो. कठडा आहे का, रात्री दिवा आहे का, हे विचारा.

परवाना तपासा

एस्टेस पार्क गावाच्या हद्दीत रहिवासी भागातल्या सुट्टीच्या घरांना परवाने देण्यावर २६६ ची मर्यादा आहे. गावाबाहेरचा खोऱ्याचा भाग लॅरिमर काउंटीच्या नियमांखाली येतो. दोन्हीकडे परवाना लागतो. स्थानिक लोकांना राहायला घरं मिळेनाशी झाली, त्यातून हे नियम आले, आणि मला ते रास्त वाटतात. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की लिस्टिंगमध्ये परवाना क्रमांक शोधा. सापडला नाही तर होस्टला विचारा. टाळाटाळ झाली तर पुढे जा. विनापरवाना घर ऐन वेळी बंद होऊ शकतं, आणि मग ऐन हंगामात आठ जणांसाठी जागा कुठून आणणार?

समाजमाध्यमांवर किंवा ओळखीच्या गटात ‘थेट माझ्याकडून घ्या, स्वस्तात देतो’ असं कोणी म्हणालं तर सावध राहा. फोटो इंटरनेटच्या चित्रशोधात टाकून बघा. तेच घर दुसऱ्या नावाने दिसलं तर विषय संपला. पैसे झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेने किंवा बँक ट्रान्सफरने पाठवू नका. गावात वर्षानुवर्षं घरं सांभाळणाऱ्या स्थानिक कंपन्या आहेत, त्यांच्याकडून थेट बुकिंग केलं तर सेवा शुल्क वाचतं. पण तिथेही क्रेडिट कार्डानेच पैसे द्या.

स्वयंपाकघर

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये सापडत नाही, आणि आपल्याला तोच सर्वांत जास्त लागतो.

एस्टेसच्या उंचीवर पाणी ९२ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर खदखदली तरी नीट शिजत नाही, आणि राजमा-छोले तर विसराच. भाड्याच्या घरांत प्रेशर कुकर सहसा नसतो. आपला तीन लिटरचा कुकर सोबत न्या, शिट्टी आणि रिंग तपासून. डाळ-तांदूळ निघण्याआधी भिजवा आणि घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त करा. इन्स्टंट पॉट असेल तर तोही चालतो, फक्त वेळ वाढवा. चहाही जरा जास्त उकळावा लागतो.

शेगडी कोणती ते फोटोत बघा. सपाट काळी काच दिसली तर ती साधी विजेची आहे की इंडक्शन, हे विचारा, कारण अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. एक्झॉस्ट बाहेर हवा फेकतो का, हेही महत्त्वाचं. पुष्कळ घरांत शेगडीवरचा पंखा तीच हवा फिरवून परत खोलीत सोडतो. सुक्या मिरचीची फोडणी दिली की ठसका घरभर, आणि लाकडी घराचा स्मोक अलार्म लगेच वाजतो. फोडणी खिडकी उघडून, मंद आचेवर द्या. अलार्मची बॅटरी मात्र काढू नका. काही होस्ट मसाल्याच्या वासासाठी जास्तीची सफाई लावतात, तेव्हा घराच्या नियमांत स्वयंपाकाबद्दल काय म्हटलंय ते वाचा. मासे तळायचा बेत असेल तर बाहेरचा गॅसवरचा ग्रिल बरा.

गावात मोठं सेफवे आहे: दूध, भाज्या, दही सगळं मिळतं. पीठ, डाळी, कढीपत्ता, मसाले डेन्व्हर परिसरातल्या भारतीय दुकानातूनच घेऊन या.

बाथरूमबद्दल थोडक्यात: जुन्या केबिनमध्ये शॉवर बाथटबमध्येच असतो आणि टबाची उंच कड ओलांडून आत जावं लागतं. आई-बाबांच्या बाथरूममध्ये उंच कड नसलेला शॉवर आहे का, ते फोटोत बघा. बादली-मग नसतो. गरम पाण्याची टाकी एका मागून एक आठ आंघोळींना पुरत नाही, तेव्हा निम्म्यांनी रात्री करा. गावाबाहेरच्या पुष्कळ घरांना सेप्टिक टाकी आहे, त्यात वेट वाइप्स टाकू नका.

आग, पूर आणि रद्द करण्याच्या अटी

२२ ऑक्टोबर २०२० रोजी कॅमेरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम या दोन वणव्यांमुळे एस्टेस पार्क रिकामं करावं लागलं. सप्टेंबर २०१३ च्या पुरात गावाकडे येणारे यूएस ३४ आणि यूएस ३६ हे दोन्ही मुख्य रस्ते वाहून गेले. त्याआधी ३१ जुलै १९७६ रोजी बिग थॉम्पसन नदीच्या दरीत आलेल्या पुरात १४० हून जास्त माणसं गेली. त्या दरीत ‘पूर आला तर वर चढा’ अशा पाट्या आहेत. त्या मनापासून घ्या.

यामुळे एस्टेसला जाऊच नये असं मी म्हणणार नाही. पण नदीकाठची केबिन घेणार असाल तर ती पाण्यापासून किती वर आहे ते बघा आणि रात्री वर जायची वाट कोणती ते पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना दाखवून ठेवा. बुकिंग करताना वणवा किंवा रस्ता बंद झाल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारा. प्रवास विमा घ्यायचा तर बुकिंगबरोबरच घ्या. आग लागल्यावर घेतलेला विमा त्या आगीला लागू होत नाही. कोरड्या उन्हाळ्यात लाकडी शेकोटीवर बंदी असते. शेकोटीच्या फोटोवर भाळून घर घेऊ नका, गॅसची शेकोटी आहे का ते विचारा.

पुष्कळ घरांना एसी नसतो. रात्री थंड असतात, त्यामुळे एरवी अडत नाही, पण वणव्याच्या धुरात खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या तर घर तापतं.

खरा भाव काढा

मे २०२५ पासून अमेरिकेत सुट्टीच्या घरांच्या जाहिरातीत सक्तीची शुल्कं धरूनच भाव दाखवावा लागतो, कर मात्र नंतर वाढू शकतात. गावात राहण्यावर ५.५ टक्के स्थानिक लॉजिंग कर आहे, त्याशिवाय विक्रीकर. तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या रकमेची करा. समजा सफाईचे २५० डॉलर आहेत. दोन रात्रींवर ते रात्रीला १२५ पडतात, पाच रात्रींवर ५०. म्हणून दोन रात्रींसाठी हॉटेल आणि चार-पाच रात्रींसाठी घर, असा माझा ठोकताळा आहे. हॉट टब, कुत्रा, जास्तीचं माणूस यांचे वेगळे पैसे आहेत का ते बघा. नंतर दोन-तीन कुटुंबांत वाटणी करताना खोल्यांप्रमाणे करायची की माणशी, हे आधीच बोलून घ्या. मैत्री टिकते.

होस्टला एकच नीट संदेश पाठवा

बुकिंगआधी पाठवायचा संदेश असा: ‘आम्ही दोन कुटुंबं, सोबत सत्तरीतले आई-बाबा. गाडीपासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि कठडा आहे का? तळमजल्यावर बेडरूम-बाथरूम आहे का? आमच्या तारखांना साधी गाडी ड्राइव्हवे चढेल का? घराची उंची किती? शेगडी कोणत्या प्रकारची? कार्बन मोनॉक्साइड अलार्म कुठे आहेत? परवाना क्रमांक कळवाल का?’ उत्तर मुद्देसूद आलं तर तो होस्ट अडचणीतही फोन उचलेल. ‘सगळं छान आहे, काळजी नको’ एवढंच आलं, तर दुसरं घर बघा.

कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न वगळू नका. २००८ मध्ये अॅस्पेनजवळच्या सुट्टीच्या घरात या वायूने एक अख्खं कुटुंब गेलं. त्यानंतर २००९ मध्ये कोलोरॅडोने कायदा केला. गॅसवर चालणारी हीटर-शेगडी, फायरप्लेस किंवा जोडलेलं गॅरेज असलेल्या भाड्याच्या घरांत झोपण्याच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत अलार्म हवा.

घरून काम करणारं कोणी असेल तर इंटरनेटचा वेग मोजून त्याचा स्क्रीनशॉट मागवा. गावाची स्वतःची फायबर सेवा आहे, ती असलेल्या घरांत अडचण येत नाही. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून घराचा पत्ता, दाराचा कोड आणि नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा.

पोचल्यावर पहिला अर्धा तास

उजेडात पोचा. सामान आत न्यायच्या आधी फोनवर घरभर व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे-डाग दिसतील असा. अलार्मचं बटण दाबून आवाज येतो का बघा. वरच्या गॅलरीचा कठडा हलत नाही ना, ते मुलांच्या आधी तुम्ही तपासा.

मग अस्वलांची व्यवस्था. गाडीत लाडू, चिवडा, अगदी च्युइंगमचं पाकीटही ठेवू नका आणि दारं कुलूपबंद ठेवा; काळं अस्वल गाडीचं न लागलेलं दार उघडू शकतं. कचरा अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यातच, कडी नीट लावून. तळमजल्याच्या खिडक्या रात्री बंद. अंगणात एल्क आला तर मुलांना आत घ्या आणि फोटो खिडकीतून काढा. पार्कमध्ये एल्कपासून किमान ७५ फूट आणि मूस (एल्कहून मोठं हरीण) व अस्वलापासून १२० फूट अंतर ठेवायचा नियम आहे, तोच अंगणातही पाळा. माजावर आलेला नर सरळ अंगावर येतो.

परतीच्या दिवशी घर सोडायची वेळ बहुतेक सकाळी दहाची असते. आदल्या रात्रीच भांडी लावा, फ्रीज रिकामा करा आणि व्हिडिओ परत एकदा काढा. रविवारी निघत असाल तर दुपारच्या आत घाट उतरा. लायन्सच्या बाजूला संध्याकाळी गाड्यांची रांग लागते, आणि विमानतळासाठी राखलेला वेळ तिथेच संपतो.